पहाटेचे पहिले पाऊल

आमच्या आईची टाच दुखते आहे, हे आम्हां तिघा भावंडांना कळायला तीन महिने लागले. आमच्यातला थोरला तर लातूरला तिच्याच छपराखाली राहत होता. तरीही ते कळले नाही. आणि कळले तेही घरात नव्हे, नांदेडच्या बसस्थानकावर.

२०१६ सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट. धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहावे म्हणून आई लातूरहून एकटीच निघाली. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे मागे टाकीत एस.टी. नांदेडला पोहोचली. आई जागेवरून उठली, दारापर्यंत आली आणि पायरीवर दांडा धरून उभीच राहिली. मागचे उतारू खोळंबले. "उतरा की मावशी, गाडी पुढं न्यायचीय," कंडक्टर म्हणाले. तेव्हा तिने एक पाय खाली टेकला, तोही टाच उचलून, नुसत्या चवड्यावर. न्यायला आलेल्या बहिणीला त्या क्षणीचा तिचा चेहरा दिसला. आईचा असा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. मात्र दहा-बारा पावले लंगडत चालल्यावर ती पूर्ववत चालू लागली.

"काय झालं गं आई?"

"काही नाही. बसून बसून पाय आखडलाय. चाललं की जातंय."

'चाललं की जातंय' या तीन शब्दांत त्या दुखण्याचे सारे कपट साठवलेले आहे, हे आम्हांला पुढे समजले. टाचदुखी पहाटेच्या पहिल्या पावलाला सर्वांत तीव्र असते. अंथरुणावरून उठून पाय जमिनीला लावला, की टाचेत खिळा शिरावा तशी कळ येते. थोडे चालले की ती ओसरते. त्यामुळे जो भोगतो तो तिला दुखणे म्हणतच नाही, आणि घरातल्या माणसांना दिसते ते नंतरचे, सरळ झालेले चालणे. आई सगळ्यांच्या आधी उठे. कपाटाचा दांडा, दाराची चौकट, भिंत असे धरीत ती स्वयंपाकघरापर्यंत जाई, आणि आम्ही उठेपर्यंत तिची ती पावले चालून झालेली असत. रविवारी मिस्साच्या वेळी गुडघे टेकून उठताना ती पुढच्या बाकाला घट्ट धरते, हेही आम्ही पाहिले होते. पण ते वयाच्या खात्यावर मांडून आम्ही मोकळे झालो होतो.

आईचे सारे आयुष्य उभ्याने गेले. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. वॉर्डातल्या कडक फरशीवर छत्तीस वर्षे तिने दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या केल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि जखमींची रीघ लातूरला लागली. त्या दिवसांत ती फक्त कपडे बदलायला घरी येई. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. ती दारातच उभी राहून पाणी पीत असे, एवढे आम्हांला आठवते. "बसले तर उठवणार नाही," असे ती म्हणे. उभे राहणे ही तिच्या लेखी कष्टाची बाब नव्हतीच, तो तिचा स्वभाव झाला होता.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी लातूरचा तो उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च २०१६ मध्ये जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात आली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष आमच्या गावाकडे लागले. आम्हीही ती बातमी कौतुकाने वाचली. पण रेल्वे स्थानकापासून आमच्या माठापर्यंतचे अंतर आईच तोडत होती. आम्ही नोकऱ्यांवर जात होतो. टँकरच्या रांगेत पातळ रबरी स्लीपर घालून तासन् तास ती उभी राहत होती. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो वजन, शिवाय घागरीचे वेगळे. ते कमरेवर घेऊन जिन्याच्या अठरा पायऱ्या चढायच्या, आणि अशा सहा-सात खेपा. टाचेचे दुखणे बहुधा एका दिवसात जडत नाही. शरीराच्या सवयीपेक्षा अधिक भार अचानक आणि सतत पडू लागला की ते उमटते. तीन महिन्यांचा हिशेब आम्ही नांदेडला बसून मागे मोजत गेलो, तो बरोबर त्या रांगेपाशी येऊन थांबला.

आईने उपाय केले नव्हते असे नाही. शेजारणींनी सांगितलेले सारे तिने गुपचूप करून पाहिले होते. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसावे, असे एकीने सुचवले. पण त्या एप्रिलमध्ये पाय बुडवायला घमेलेभर पाणी खर्च करणे तिला पाप वाटले. दुसरीने वीट तापवून तिच्यावर रुईचे पान ठेवून टाच शेकायला सांगितले. तो उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि उबेने घटकाभर बरेही वाटते. आईने तो चार दिवस केला. मात्र वीट आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपूनच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसांना विटेचा चटका कळत नाही, आणि त्यांच्या टाचांचे फोड महिनोन्‌महिने भरत नाहीत, हे तिने वॉर्डात पाहिले होते. एका ठिकाणी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा टाचेच्या हाडाला काट्यासारखी वाढ दिसली. "हाड वाढलंय, कापावं लागेल," असे तिला सांगण्यात आले. ती घाबरली आणि ते चित्र तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. रुग्णांना धीर देण्यात जिचे आयुष्य गेले, तिला धीर द्यायला तेव्हा कोणी नव्हते. आम्ही होतो, पण आम्हांला ठाऊक नव्हते.

नांदेडच्या अस्थितज्ज्ञांनी प्रथम ती कापण्याची भीती घालवली. असा काटा कित्येक न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो, दुखण्याचे मूळ बहुधा तो नसतो, असे ते म्हणाले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच ताणून धरतो. अतिश्रमाने टाचेपाशी त्याचे तंतू झिजतात. वैद्यकात याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. आपल्या आयुर्वेदात वातकंटक म्हणून टाचेच्या ज्या दुखण्याचे वर्णन आहे, तेही याच्या फार जवळचे. रात्री झोपेत पाऊल खाली कलते आणि तो पट्टा आखडून राहतो. पहाटेच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे उठायच्या आधीच त्याला हळू जागं करायला पाहिजे." डॉक्टर हसले, उपचाराचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते.

फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला तीन गोष्टी शिकवल्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी असेच कोणी भिंत धरून उठत असेल, म्हणून त्या येथे सविस्तर देतो.

पहिली, अंथरुण सोडण्यापूर्वीची. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि हाताने त्याची बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढायची. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की ताणलेली दोरी हाताला लागते. दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पैकी पहिली खेप पाय जमिनीला लागण्याआधी. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील तज्ज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसती पोटरी ताणण्यापेक्षा हा साधा व्यायाम अधिक गुणकारी ठरला होता.

दुसरी गोष्ट पोटरीची. भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवायचा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवून पुढे झुकायचे. अर्धा मिनिट तसेच राहायचे; असे तीन वेळा. पोटरी ताठ असली की तिचा ओढा टाचेवरच येतो.

तिसरी, कळ थोडी उतरल्यावरची. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची आणि कठड्याला धरून टाचा सावकाश वर उचलायच्या. तीन आकडे वर जाताना, दोन वर थांबून, तीन खाली येताना. बारा वेळा, एक दिवसाआड. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली या पद्धतीचा गुण तीन महिन्यांत दिसल्याचे दाखवले. ज्या पायऱ्यांवर घागरी चढवताना पाय दुखावला, त्याच पायऱ्यांवर पुढे आईने हा व्यायाम केला.

संध्याकाळी कळ वाढली की शीतपेटीत गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ती तळपायाखाली दहा मिनिटे पुढेमागे फिरवी. बर्फ वितळला की ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला जाई. उन्हाळा सरला तरी लातूरकरांचा हात पाणी ओतून द्यायला धजत नाही.

खरी अडचण चपलांची आली. घरात मऊ टाचेची चप्पल घालून वावरा, शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहू नका, असे ताईंनी बजावले होते. "स्वयंपाकघरात चप्पल?" आई म्हणाली. "जमायचं नाही." चप्पल उंबऱ्याबाहेर काढणे ही आपली जन्माची रीत, तिला ती मोडवेना. अखेर बहिणीने कोरी चप्पल आणली. तिने उंबरा कधीच ओलांडायचा नाही आणि दर शनिवारी ती धुवायची, असे ठरले. ओट्यापुढे जाड सतरंजीची घडी आली आणि एक उंच स्टूलही. चप्पल आईने आठवड्यात स्वीकारली, स्टूल मात्र महिनाभर तसेच पडून राहिले. बसून भाजी चिरणे, बसून कणीक मळणे म्हणजे तिला आजारीपणाची कबुली वाटे. मग आमच्यातल्या थोरल्याने एक युक्ती केली. रोज संध्याकाळी तो स्वतःच ओट्यापुढे उभा राहू लागला. पोळ्या त्याच्या वेड्यावाकड्या होत. त्या सुधारायला आईला शेजारी बसावेच लागे. अशा रीतीने ती बसायला शिकली आणि आमच्या घरातला एक पुरुष उभे राहायला.

गुण लगेच आला नाही. पहिला महिना तर काहीच फरक नव्हता, आणि आमचा धीर तिच्या आधी सुटला. सुई टोचून घ्यावी का, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. त्या औषधाने काही आठवडे आराम पडतो, पण क्वचित तो पट्टाच तुटण्याचा धोका असतो, तेव्हा थोडे थांबू या, असे ते म्हणाले. वेदनाशामक गोळ्याही तिने मोजक्याच घेतल्या. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या काय करतात हे तिला सांगावे लागले नाही. गणपतीच्या सुमारास ती म्हणाली, "आज दार नाही धरलं." नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला ती सगळ्यांबरोबर उभी राहिली, मधे दोनदा बसली आणि त्याची तिला लाज वाटली नाही. पुढचा मार्च उजाडला तेव्हा कळ गेली होती. बहुतेकांची टाचदुखी अशीच, शस्त्रक्रियेवाचून, वर्षभरात आटोक्यात येते.

तथापि प्रत्येक टाचदुखी ही नव्हे, हे आई आजही आवर्जून सांगते. पडल्यावर टाचेवर भारच देता येत नसेल, टाच सुजून लाल झाली असेल, ताप असेल, पायाला मुंग्या वा बधिरपणा असेल, विश्रांतीतही रात्रभर ठणका असेल, किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचा आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर घरी थांबू नये. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून शेक वा बर्फ घेऊ नये.

त्या उन्हाळ्याला आता कित्येक वर्षे लोटली. आईची टाच दुखत नाही, तरी उठण्यापूर्वीचे ते दहा ताण तिने सोडलेले नाहीत. आमच्यातल्या दोघांनीही चाळिशी ओलांडल्यावर ते सुरू केले आहेत. मात्र व्यायामाहून अधिक उपयोगाची अशी एक सवय आम्हांला लागली आहे. सुटीत सारे लातूरला जमलो की आमच्यातले कोणीतरी आईच्या आधी उठते आणि तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहते. ती पाय खाली सोडते, क्षणभर थांबते आणि पहिले पाऊल टाकते. "काय बघताय रे?" ती विचारते. आम्ही काही बोलत नाही. टाच जमिनीला पूर्ण टेकलेली पाहिली, की आम्ही चहा ठेवायला जातो.