पकड हातांची नव्हे, पायांची

आपल्या घरात आधाराशिवाय उठू न शकणारे कोणी वडीलधारे असतील, तर दिवसातून किती वेळा आपण त्यांना धरून उठवता, हे एकदा मोजून पाहा. सकाळचे शौच, स्नान, दोन वेळचे जेवण, दुपारचे उन्हात बसणे, रात्रीची लघवी, असे आठ-दहा प्रसंग सहज होतात. औषधाची गोळी देताना आपण मात्रा तपासून घेतो. माणसाला धरताना मात्र ‘यात शिकायचे काय?’ असे म्हणून हात पुढे करतो.

मीही तसेच केले होते. वैद्यकीय महाविद्यालयात मी हाडे, सांधे, स्नायू यांची नावे पाठ केली. माणसाला खाटेवरून खुर्चीत कसे न्यावे, हे मात्र मला माझ्या वडिलांनी शिकवले. तेही मी त्यांचा खांदा दुखावल्यानंतर.

आमचे आबा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि 1912 मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान हे त्यांचे तीर्थक्षेत्र. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट ते घरातल्याच कोणाची असावी अशा अभिमानाने सांगत. स्वतः ते मोठे मल्ल झाले नाहीत. पण तांबड्या मातीत घालवलेली वर्षे त्यांच्या चालण्या-बसण्यात शेवटपर्यंत दिसत होती. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय अर्धवट साथ देई. वाचा मात्र शाबूत राहिली आणि बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख.

त्यांची खाट आम्ही अंगणाकडच्या खिडकीशी लावली होती. त्याच सुमारास माझा धाकटा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात कोपरारक्षक म्हणून निवडला गेला होता. शेजारच्या मित्राला चढाईला बोलावून तो अंगणात पकडीचा सराव करी आणि दर दोन-तीन प्रयत्नांनंतर मातीत तोंडघशी पडे. आबा खिडकीतून पाहत. एके दिवशी त्यांना राहवले नाही. “आरं, हातानं काय धरतोस? पायानं धर!”

मुलगा गोंधळला. पायाने कसे धरायचे? मग रोज संध्याकाळी खिडकीतून शिकवणी सुरू झाली. कुस्तीतला पट आणि कबड्डीतली पकड यांचे मूळ एकच, असे आबांचे म्हणणे होते. हात लांब करून धरलेला गडी निसटतो, कारण लांबलेल्या हातात ताकद नसते. आधी पाऊल त्याच्याजवळ पडले पाहिजे. मग हात आपोआप जागेवर जातात. गुडघे वाकवून खाली बसायचे, पाठ सरळ ठेवायची. कमरेतून वाकणारा गडी स्वतःच्याच ओझ्याने पुढे पडतो. नजर चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंवा हातांवर ठेवायची नाही. “डोळं फसवत्यात, हात फसवत्यात, कंबर फसवत न्हाई.” मान वर आणि डोके बाजूला. डोके खाली घालून समोर घुसणाऱ्याची मान जायबंदी होते, हे तर डॉक्टर म्हणून मीही सांगू शकलो असतो. आणि शेवटची गोष्ट: एकदा धरले की दोन शरीरांमध्ये फट ठेवायची नाही.

पकडीच्या शास्त्राला देशाच्या सीमा नसाव्यात. माझ्या एका ज्येष्ठ रुग्णाचा नातू मेलबर्नला राहतो आणि तिथला ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल खेळतो. लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिठी मारून अडवण्याची मुभा. पण ती मिठी खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वरच असली पाहिजे. खांद्याच्या वर धरले की प्रतिस्पर्ध्याला फ्री किक मिळते. आपल्या कबड्डीतही चढाई करणाऱ्याचे हात-पाय आणि धड एवढेच धरता येते. खेळ झुंजीचा असला, तरी समोरच्याचे शरीर कुठे धरावे याचा विचार त्यात झालेला आहे. घरातल्या आजाऱ्याला उठवताना आपण तेवढाही विचार करत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. एका सकाळी दवाखान्यात जाण्याची घाई होती. आबांना खुर्चीत बसवायचे होते. मी खाटेपासून हातभर अंतरावर उभा राहिलो, कमरेतून वाकलो, त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढले. ते अर्धे उठले आणि कण्हून पुन्हा बसले. माझ्या कमरेत चमक भरली. त्यांचा डावा खांदा पुढे कित्येक आठवडे दुखत राहिला. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, सांध्याला त्यांचा आधार उरत नाही आणि हात ओढला की सांधा जागचा सरकू शकतो, हे मी कित्येक रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितले होते. घाईत मीच ते विसरलो.

वेदना ओसरल्यावर आबा हसले. “डॉक्टर, पोराला सांगितलं ते तू ऐकलं न्हाईस व्हय?”

त्या दिवशी त्यांनी मला खाटेवरून धडा दिला. तो, माझ्या वैद्यकीय ज्ञानाची जोड देऊन, आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, त्यांना सांगा की आता उठायचे आहे. न सांगता धरलेले शरीर घाबरून ताठते. कुशीवर वळवून खाटेच्या कडेला बसवा आणि एक-दोन मिनिटे बसू द्या. वृद्धांचा रक्तदाब उठताक्षणी उतरू शकतो आणि चक्कर येते. त्यांची बूड कडेशी सरकवून घ्या, तळवे जमिनीला पूर्ण टेकवा आणि पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पायात घसरणारे मोजे नकोत. खुर्ची शक्यतो त्यांच्या धडधाकट बाजूला, खाटेला लागून ठेवा. चाकाची खुर्ची असेल तर तिचे ब्रेक लावा.

मग आपण जवळ जा, अगदी जवळ. पावलांत खांद्याइतके अंतर, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. आपला गुडघा त्यांच्या दुबळ्या गुडघ्याला समोरून हलका टेकवा, म्हणजे तो पाय मुडपणार नाही. हात कमरेभोवती. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याने पकड सुटत नाही. मात्र पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नका. दंड किंवा काखा धरून उचलू नका आणि त्यांना आपल्या मानेला लटकू देऊ नका. आता त्यांना पुढे झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके. एक, दोन, तीन म्हणा आणि आपल्या मांड्यांच्या जोरावर सरळ व्हा. वळताना कंबर पिळू नका. लहान पावले टाकत पूर्ण अंगाने वळा. खुर्ची पायाला लागली की गुडघे वाकवत सावकाश खाली बसवा.

आपल्या लक्षात येईल की यात उचलणे असे फारसे नाहीच. ज्यांच्या पायांत थोडी ताकद आहे, ते स्वतःच उठतात. आपण फक्त त्यांचा तोल सांभाळतो. जे पायांवर अजिबात भार घेऊ शकत नाहीत, त्यांना एकट्याने उठवण्याचा प्रयत्न करू नका. तिथे दुसरा माणूस हवाच. हे सगळे आधी घरातल्या धडधाकट माणसावर करून पाहा आणि शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकून घ्या.

आणि पडण्याविषयी. चालताना माणूस कोसळू लागला की आपण त्याला हाताने वर ओढू पाहतो. त्यात तोही पडतो आणि आपणही. अशा वेळी त्याला उभे ठेवण्याचा हट्ट सोडावा. मागून कमरेला धरून जवळ घ्यावे, एक पाय पुढे काढावा आणि त्या मांडीवरून त्याला घसरू देत आपणही गुडघे वाकवत खाली बसावे. डोके सांभाळावे. खाली आल्यावर घाईने उठवू नये. खुब्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसेल, डोक्याला मार लागला असेल आणि विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर तसेच राहू देऊन डॉक्टरांना किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिकेला बोलवावे.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, याचे कारण आहे. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आबा न्हाणीघराच्या दाराशी कोसळू लागले. जवळ फक्त माझा मुलगा होता, पंधरा वर्षांचा. तो ओरडला नाही, त्याने त्यांचा हात ओढला नाही. पाऊल आत टाकले, गुडघे वाकवले, कमरेला मिठी घातली आणि आजोबांना मांडीवरून हळूहळू खाली आणले. मी धावत पोहोचलो तेव्हा दोघे ओल्या फरशीवर बसले होते आणि आबा त्याला म्हणत होते, “आज पकड बरोबर बसली बघ.”

त्या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस बहुधा पूर्वीसारखा चालत नाही. कित्येकदा त्या अंथरुणातून उठतही नाही. आबा त्यानंतर दोन वर्षे जगले आणि रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसत राहिले. त्यांना खुर्चीत बसवण्याचे काम त्यांनी मला क्वचितच दिले. ते नातवाकडे होते.

आज रात्री आपल्या माणसाला उठवताना घाई असेलच. तरी हात पुढे करण्यापूर्वी एक पाऊल पुढे टाका.