रक्तावरचा शेरा

आम्ही हाडाचे कारकून. समोर जिवंत माणूस उभा असला तरी हयातीचा दाखला पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही. म्हणूनच दिल्लीच्या आमच्या कचेरीत रक्तदानाचे शिबिर भरले तेव्हा आम्ही सुईला न भिता छापील अर्जाला भ्यालो. खाजगी आयुष्याविषयीच्या प्रश्नांपाशी, सांगण्याजोगे काही नसतानाही, लेखणी अडखळली. शेजारीच साहेब बसले होते!

त्या क्षणी पुण्याची आठवण झाली. २००५ साली तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत एचआयव्ही-प्रतिबंधक लशीची भारतातील पहिली मानवी चाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्वयंसेवकांनी दंड पुढे केले. पण ते अल्प जोखमीचे लोक. त्यांच्यावरून कळायचे ते मुख्यतः लशीच्या सुरक्षिततेविषयी. ती रोग अडविते की नाही हे पाहावयाचे तर जेथे रोगाचा वावर आहे तेथेच जावे लागते. बँकॉकमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या अशा चाचणीत सुईने नशा करणारे सुमारे २,५०० लोक सामील झाले. तीन वर्षांत सात टोचण्या. आणि २००३ साली निकाल लागला तो लस निष्फळ असल्याचा.

अशा माणसांना सुईचे भय कसले? भय शेऱ्याचे. लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे उत्पन्न होतात आणि नेहमीची तपासणी प्रतिपिंडेच शोधते. त्यामुळे रोग नसताही कागदावर 'बाधित' असे उमटू शकते. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी निराळी तपासणी आहे. पण घरमालकाच्या दारात ती समजावून द्यायला डॉक्टर थोडाच येणार? २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली आहे, हे खरे. परंतु शेरा पुसायला किती टेबले हिंडावी लागतात, हे सरकारी वाचकांस आम्ही काय सांगावे! आमच्या जन्मतारखेतला एक आकडा सुधारून घेण्यात चार वर्षे गेली. आणि आमच्या पाठीशी पदवी होती, नोकरी होती. जिच्या नावापुढे पोलिसाच्या वहीत एक शेरा आधीच आहे, त्या बाईने दुसरा आपणहून रक्तात घ्यावा, हे मागणे लहान नव्हे.

रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "तुम्ही टोचून घेतली असती का?"

"रोग नसून लशीचा परिणाम आहे, असा दाखला देतात म्हणे. त्यावर सही कोणाची, ते आधी पाहिले असते."

"आणि तो हरवला तर?"

आम्ही दिवा मालवला.