ब्रुकलिनच्या एका हंगामाचा जमाखर्च

बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. वस्तीतल्या पोरांना विचारले तर ती सांगतील, क्रिकेटसारखेच काहीतरी आहे, फक्त बॅट मुसळासारखी गोल. सध्या एवढी माहिती पुरे. चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना 'बेस' म्हणतात. चेंडू मारायचा, एकेक ठाणे गाठत फिरायचे आणि पुन्हा घरच्या ठाण्यावर आले की एक धाव झाली. अमेरिकेत या खेळाचे धंदेवाईक संघ आहेत. १९४७ साली एकेक संघ एप्रिलपासून सप्टेंबरअखेर १५४ सामने खेळत असे. त्यांपैकी न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन डॉजर्स या संघाच्या त्या एका वर्षाची हकिगत आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत. कौटुंबिक पानावर मांडतो आहोत त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. कोणतीही गोष्ट समोर आली की आधी जमेची बाजू, मग खर्चाची बाजू पाहायची, ही आमची जुनी खोड. विहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे एका मुलाने मोबाईलवर काहीतरी पाहून विचारले, "काका, अमेरिकेत १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ नंबरचाच शर्ट का घालतात?" आपल्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवसाचा हा प्रश्न! तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहोत.

४२ हा जॅकी रॉबिन्सनचा नंबर. (त्याचा एकेरी उल्लेख करतो तो आपलेपणाने.) जन्म १९१९ चा, जॉर्जिया राज्यातला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. बाप घर सोडून गेला आणि आई पाच लेकरे घेऊन कॅलिफोर्नियात आली, धुणीभांडी करून तिने पोरे वाढवली. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. गावी परतल्यावर त्याला काम मिळाले ते रस्ता झाडण्याचे. ऑलिंपिकचे जाकीट अंगात घालून तो झाडू मारी. हे वाचून आमच्या ओळखीची किती माणसे डोळ्यांपुढे आली, ते काय सांगावे!

बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये १८८४ नंतर एकही कृष्णवर्णीय खेळाडू उघडपणे घेतला गेला नव्हता. गंमत अशी की कागदावर तसा नियम कुठेच नव्हता. गावच्या विहिरीवर तरी कुठे पाटी लावलेली असे? सगळ्यांना ठाऊक असायचे, तेवढे पुरे होते. म्हणून त्या लोकांनी आपल्या स्वतःच्या लीग उभ्या केल्या. त्यांचे नावच 'निग्रो लीग'. आपले संघ, पुष्कळ ठिकाणी मालकही आपलेच, आणि आपलाच प्रेक्षक. तिथला जॉश गिब्सन हा असा फलंदाज की जाणकार त्याला सर्वश्रेष्ठांत गणतात. तो जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. मोठ्या लीगचे दार त्यानंतर तीनच महिन्यांनी उघडले.

ते दार उघडले कुणी? पुस्तकांत नाव येते डॉजर्सचे प्रमुख ब्रांच रिकी यांचे. ते योग्यच आहे. रिकींच्या मनात धर्मबुद्धी किती आणि गल्ल्याचा हिशेब किती, हे तोलत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही होते. पण आम्हांला त्यांच्याआधी नाव घ्यावेसे वाटते ते वेंडेल स्मिथ यांचे. 'पिट्सबर्ग कुरिअर' नावाचे कृष्णवर्णीयांचे साप्ताहिक होते. स्मिथ त्याचे क्रीडा-वार्ताहर. वर्षानुवर्षे त्यांनी या अलिखित नियमावर लिहिले. एप्रिल १९४५ मध्ये जॅकीसह तिघांना घेऊन ते बोस्टनच्या रेड सॉक्स संघाकडे चाचणीला गेले. चाचणी झाली, पुढे काही कळवले गेले नाही. (हाच संघ सर्वांत शेवटी, १९५९ साली, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवणारा ठरला.) रिकींना जॅकीचे नाव सुचवणारे स्मिथच. हंगामात ते जॅकीबरोबर गावोगाव फिरले. जिथे हॉटेल दार लावून घेई तिथे त्याच्या राहण्याजेवण्याची सोय पाहिली. स्वतः स्मिथना मात्र बहुतेक मैदानांत पत्रकारांच्या कक्षात प्रवेश नव्हता. एका लहान साप्ताहिकाने काय होते, असे विचारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

रिकींची अट प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी जॅकीला बोलावून सांगितले की शिव्या पडतील, अंगावर चेंडू येतील, पण उलट उत्तर द्यायचे नाही. जॅकी स्वभावाने मवाळ नव्हता. १९४४ साली लष्करात लेफ्टनंट असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला त्याने नकार दिला, त्यावरून त्याच्यावर कोर्टमार्शल झाले आणि तो निर्दोष सुटला. अशा माणसाने तोंड मिटून घ्यायचे! आम्हांला विचाराल तर या हंगामातला सर्वांत मोठा खर्च हाच. बढतीनंतर एका कचेरीत आमच्या टेबलापाशी येऊन "या, सरकारचे जावई" असे हसत म्हणणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत. उत्तर दिले की 'हे लोक भांडकुदळ', नाही दिले की 'याला काही लागतच नाही'.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर जॅकी पहिला सामना खेळला. निम्म्याहून अधिक प्रेक्षक कृष्णवर्णीय होते असा अंदाज आहे. त्याला एकही हिट मिळाला नाही, पण विजयी ठरलेली धाव त्याने काढली. डॉजर्स ५-३ असे जिंकले. २२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू यांनी जॅकीला उद्देशून जे ओरडायला सुरुवात केली ते इथे छापण्यासारखे नाही. त्या दिवशी आपण मोडण्याच्या अगदी जवळ आलो होतो, असे जॅकीने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिले. तो गप्प राहिला आणि सामन्यातली एकमेव धाव त्याने काढली. त्या मालिकेत चॅपमनला उलट ओरडून जाब विचारला तो एडी स्टँकीने. हा स्टँकी सुरुवातीला जॅकी संघात यावा या मताचा नव्हता. हंगाम सुरू होण्याआधी संघातल्याच काही दाक्षिणात्य गोऱ्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज फिरवला होता, तो व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी दाबून टाकला होता.

बरोबर एका आठवड्याने, २९ एप्रिल १९४७ रोजी, दिल्लीत आपल्या घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. एबेट्स फील्ड बांधून उघडले ते १९१३ साली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला त्याच शहरात उतरले. योगायोग आहेत, त्यांवर इमला बांधू नये. पण टिपून ठेवावेत असे आहेत.

मे महिन्यात बातमी आली की सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघातले काही खेळाडू संपाच्या तयारीत आहेत. संप किती ठरला होता याबद्दल आजही मतभेद आहेत. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी मात्र संप केलात तर निलंबित व्हाल असे बजावले, आणि प्रकरण थंडावले. संप हे आपले कामगारांचे हत्यार. एका माणसाला कामावर घेतले म्हणून ते उपसायचे, हे आमच्या गिरणीत गेलेल्या वडिलांना ऐकवले असते तर त्यांनी काय म्हटले असते?

आमच्या सौभाग्यवतींना हे सारे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी वेगळेच विचारले. "मैदानात तोंड मिटले, मग घरी आल्यावर ते सगळे कुणापाशी बोलला असेल?" कौटुंबिक पान ते यासाठी. जॅकीची पत्नी रेचल या शिकलेल्या परिचारिका. मूल पाच महिन्यांचे. सुरुवातीला हॉटेलातली एक खोली, बाळाचे धुतलेले दुपटे न्हाणीत वाळत घातलेले. नंतर ब्रुकलिनमध्ये दुसऱ्याच्या घरातली एक खोली, स्वयंपाकघर सामाईक. चाळीत राहिलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. घरच्या मैदानावरच्या सामन्यांना रेचलबाई प्रेक्षकांत बसत आणि मागच्या रांगेतून येणारे शब्द ऐकत. त्यांनाही उत्तर देण्याची मुभा नव्हतीच. पुढे त्या येल विद्यापीठात परिचर्या शिकवू लागल्या आणि १९७३ साली पतीच्या नावे गरजू विद्यार्थ्यांसाठी त्यांनी संस्था काढली.

आता जमेची बाजू. डॉजर्सनी १५४ पैकी ९४ सामने जिंकून लीगचे विजेतेपद घेतले, कार्डिनल्सना पाच सामन्यांनी मागे टाकून. जॅकीने १२५ धावा काढल्या. 'बेस चोरणे' म्हणजे गोलंदाजाचे लक्ष चुकवून पुढचे ठाणे पळून गाठणे, त्यात २९ वेळा यशस्वी होऊन तो लीगमध्ये पहिला आला. नवोदितांसाठीचे सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक त्या वर्षी सुरू झाले, ते त्यालाच. घरच्या मैदानावर वर्षभरात अठरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. गल्ला भरला तो कुणाच्या पैशाने, हे मालकांना नीट कळले असणार. जॅकीचा पगार होता वर्षाला पाच हजार डॉलर.

अंतिम मालिका यँकीज संघाशी. चौथ्या सामन्यात यँकीजचा बिल बेव्हन्स याने शेवटचा गडी बाद व्हायचा राहिला तोवर एकही हिट दिला नव्हता. मग कुकी लॅव्हाजेटोने एक फटका मारला, दोघे घरी आले आणि डॉजर्स जिंकले. सबंध सामन्यात तेवढा एकच हिट. असे होऊनही मालिका ४-३ अशी हातची गेली. ब्रुकलिनला ती जिंकायला १९५५ उजाडावे लागले.

आणि ज्याची नोंद फारसे कुणी करीत नाही तो खर्च. जॅकी ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्समधून आला त्या संघाला रिकींनी एक पैसाही दिला नाही. एकामागून एक चांगले खेळाडू मोठ्या लीगकडे गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले, आणि १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. खेळाडू आत गेले. मालक, प्रशिक्षक, तिकीट विकणारे, बस चालवणारे बाहेरच राहिले. मोठ्या लीगला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मिळाला १९७५ साली. निग्रो लीगचा खेळ हा मोठ्या लीगच्याच तोडीचा होता, हे अधिकृतपणे मानले गेले ते २०२० मध्ये, आणि तिथले आकडे मुख्य नोंदवहीत घेतले गेले २०२४ मध्ये. जॉश गिब्सनचे नाव त्यानंतर सरासरीच्या यादीत सर्वांत वर गेले. जॅकीने जायला नको होते असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या हातच्या संस्था चालवणाऱ्यांनी हे पान दोनदा वाचावे.

आपल्याकडे पुण्याच्या मैदानावर पाळवणकर बाळू होते, चर्मकार समाजातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे गोलंदाज. आपल्याच संघातले सोबती त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही; धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. पुढे बाळूंचे राजकारण बाबासाहेबांच्या विरोधात गेले, तो विषय निराळा. गोलंदाजी खरी होती.

जॅकीवरचे बंधन १९४९ पर्यंत सुटले होते. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चुकीचा निर्णय दिला की पंचाशी वाद घालू लागला, शिवी दिली की उत्तर देऊ लागला, इतर गोरे खेळाडू वर्षानुवर्षे करीत आले होते तसेच. ज्या वर्तमानपत्रांनी दोन वर्षे त्याच्या सोसण्याचे कौतुक छापले होते, त्यांतल्या कित्येकांना तो आता उद्धट वाटू लागला.