सीलबंद संच

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान. आता त्याच्या आसमंतात मोटारींचे कारखाने उभे आहेत. माझ्या थोरल्या मावशीचे यजमान अशाच एका कारखान्यातील नोकरीसाठी पुण्याहून आले आणि येथेच स्थायिक झाले. गेल्या वर्षी काका वारले. यंदा मावशीने मला मुद्दाम बोलावून घेतले, ते एका पत्र्याच्या पेटीसाठी.

“अरे, निवृत्तीनंतर यांनी एवढेच जमवले. नातीच्या पहिल्या वर्षाची फी यातून निघेल ना? तू मासिकात असतोस, तुला कळेल.”

मासिकात काम करणाऱ्यास सर्व कळते, असा आमच्या घरी समज आहे. सुदैवाने विद्यार्थिदशेत मी नाणी जमवीत असे, त्यामुळे अगदीच अंधारात नव्हतो.

पेटीत अकरा संच होते. जाड कागदाची घडी, आत मऊ प्लॅस्टिकचे सात कप्पे, आणि वर सोनेरी छपाई: “१९५७चा संपूर्ण संच, न वापरलेली नाणी.” मागे काकांच्या टपोऱ्या अक्षरांत मोजलेली किंमत, प्रत्येकी दोन हजार आठशे.

आवरण कोणाचे, हे मी प्रथम पाहिले. सरकारी टांकसाळीही नाण्यांचे संच बांधून विकतात, पण त्यावर टांकसाळीचे नाव असते. येथे ते नव्हते. खाजगी व्यापाऱ्याने हाताने निवडून भरलेला संच म्हणजे अखेर सुटी नाणीच. तेव्हा कागद बाजूस ठेवून नाणीच वाचावयास हवीत. भिंग घेऊन मी साले वाचू लागलो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली खरी, परंतु त्या वर्षीची नाणी १, २, ५, १० आणि २५ नव्या पैशांची. पन्नासाचे नाणे १९६० मध्ये आले आणि या मालिकेतील रुपया १९६२ मध्ये. मग सात नाण्यांचा १९५७चा संच कोठून येणार? काकांच्या संचात पन्नास पैशांवर १९६१ होते, रुपयावर १९६२. सालाखालच्या खुणाही एकमेकींशी जुळेनात. कोठे मुंबईचे टिंब वा हिऱ्याचा आकार, कोठे हैदराबादचा तारा, तर कोठे काहीच नाही, म्हणजे कलकत्ता.

“न वापरलेली” हे शब्द पारखणे अधिक कठीण. टांकसाळीतून थेट आलेले नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवले तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा त्यावरून फिरतो. घासून उजळलेले नाणे मात्र सगळीकडून सारखेच चमकते. एका पैशाचे नाणे तेव्हा काशाचे असे. काकांच्या संचांतील बहुतेकांचा रंग नको तितका गुलाबी होता, आणि सिंहाच्या आयाळीचा उंच भाग झिजून सपाट झाला होता. (टांकसाळीच्या पोत्यात नाण्यावर नाणे आपटून बारीक ओरखडे पडतात, ती झीज नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.) मऊ प्लॅस्टिकने आणखी एक घात केला होता. काही नाण्यांवर हिरवट, चिकट थर चढू लागला होता.

फ्रीजवरचे चुंबक आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा मागून घेतला. पंचवीस, पन्नास व रुपया शुद्ध निकेलचे; तिन्ही चिकटले. लोखंडाची नक्कलही चिकटेल म्हणून रुपया तोलला, तो दहा ग्रॅम भरला. पाच आणि दहा पैसे तांबे-निकेलच्या मिश्रणाचे. ते चिकटले नाहीत, हेही योग्यच.

“म्हणजे यांना फसवले?” मावशीने विचारले.

“नाणी खरी आहेत, मावशी. वरचे छापलेले खोटे आहे.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. शेजारच्या एका मुलाने तिला सांगितले होते की जुन्या नाण्यांना मोबाईलवर लाखो रुपये मिळतात, आधी थोडे शुल्क भरावे लागते एवढेच. अशा भूलथापांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, तो मी तिला वाचून दाखवला. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी तर ३० जून २०११ नंतर चलनातही उरलेली नाहीत.

आम्ही प्लॅस्टिक कापले आणि नाणी न घासता कोरड्या कागदाच्या पाकिटांत ठेवली. खरोखर न वापरलेली अशी नऊच निघाली. ती चेन्नईत दोघा-तिघा जाणकारांना दाखवून मगच विकावयाची ठरली. पेटीच्या तळाशी एक सुटा रुपया होता, राजीव गांधींची मुद्रा असलेला, १९९१चा. त्याच वर्षी २१ मे रोजी याच गावी त्यांची हत्या झाली. काकांनी तो कधीतरी सुट्या पैशांतून वेगळा काढला असावा. चांगलाच झिजलेला होता.

“याचे काय येईल?”

“रुपयाच.”

मावशीने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत बँकेत गेलो. मुदतठेव मोडली आणि फी तारखेच्या आत भरली.