राधानगरीला शोधलेला आळते पेठा

दिवाळीच्या सुटीत राधानगरीला निघालो तेव्हा मुलांना दाजीपूरचे गवे पाहायचे होते. आम्हाला मात्र फुफींची लोखंडी ट्रंक पाहायची होती.

त्याचे कारण एक कागद. आमच्या दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या, शाळेतील नोंदीचा उतारा पुतण्याच्या दाखल्यासाठी जोडला होता. तो परत आला. दादांच्या गावापुढे लिहिले होते, 'पेठा आळते, इलाखा करवीर'. खिडकीपलीकडच्या मुलीने अदबीने विचारले, "सर, आळते नावाचा तालुका कुठे आहे?" तिला काय बोल लावणार! तिच्यापुढच्या यादीत तो नाहीच.

कोल्हापूर संस्थानात तालुक्याला पेठा म्हणत. करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड हे पेठे. रायबाग आणि कटकोळ हे महाल. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा या जहागिऱ्या निराळ्या. गंमत अशी, की आळते पेठ्याची कचेरी आळत्यात नव्हती, हातकणंगल्याला होती. पुढे कचेरीच्या गावाचेच नाव चालू झाले आणि आळते पुन्हा एक गाव उरले.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इलाखाही गेला, जिल्हा आला. रायबाग बेळगावकडे गेले, ते आज कर्नाटकात आहे. उलट चंदगड १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आले. शाळेत नकाशा शिकवताना आम्ही हे दोन मिनिटांत उरकतो. घरचा कागद परत आला तेव्हा कळले, की या रेघांवर माणसे राहतात.

जर्मनीतही १९७० च्या आसपास असे कितीतरी लहान जिल्हे मोठ्यांत मिसळून टाकले. लोकांना जुनी नावे सोडवेनात. शेवटी २०१२ पासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर जुन्या जिल्ह्यांची अक्षरे पुन्हा लावायला परवानगी मिळाली. आपल्याकडे तसे काही नाही. आळत्याला कोण अक्षर देणार?

राधानगरीत फुफींनी आधी जेवायला बसवले, ट्रंकेचे नावही काढू दिले नाही. दादा गवंडी होते. धरणाच्या भिंतीच्या कामावर ते इथे आले आणि फुफींचे लग्नही इथेच झाले. ही भिंत शाहू महाराजांनी सुरू केली. गावाला नाव दिले लेकीचे, राधाबाईंचे. तलावाला राणीसाहेबांचे, लक्ष्मीबाईंचे. १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात झाली तीही त्यांच्याच पाठबळाने, म्हणून आमच्या घरात त्यांचे नाव नेहमी अदबीने घेतले जाते. १९२२ साली महाराज गेले तेव्हा भिंत अर्धवटच होती. संस्थानात सुरू झालेले काम विलीनीकरणानंतर पुरे झाले. दादांनी एकाच भिंतीवर दोन राजवटींची मजुरी घेतली.

संध्याकाळी धरणावर गेलो. सातही स्वयंचलित दरवाजे बंद होते. पाणी ठरावीक पातळीवर आले की ते आपोआप उघडतात, हे मुलांना सांगून पटेना. अब्बा दगडांकडे बघत राहिले. यातला कुठला दगड दादांच्या हातचा, ते त्यांनाही ठाऊक नाही, पण त्यांना तिथून हलवायला मगरिबची अजान व्हावी लागली.

रात्री ट्रंक उघडली. लग्नाची ओढणी, जुनी रेशनकार्डे आणि तळाशी फुफींच्या शाळेचा दाखला निघाला, विलीनीकरणानंतरचा. वडिलांचे नाव तेच, मूळ गाव तेच आणि त्यापुढे 'तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर'. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही कितीतरी वेळ पाहत बसलो.

फुफी म्हणाल्या, "मी तर दोन्हीकडची. आता दाखला नेताय, तर प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि आठ दिवसांत परत आणा, नुसती झेरॉक्स आणू नका."