दुसरे भय

मंत्रचळातून बरे होत असलेल्या माणसाला अखेर कुलपाची, हातांवरच्या कल्पित मळाची किंवा मनात अवचित उमटलेल्या अभद्र विचाराची तितकीशी धास्ती उरत नाही. या साऱ्यांनी एके काळी छातीत जो कल्लोळ माजविला होता, तो पुन्हा उठेल की काय, ही धास्ती मात्र मागे उरते. श्रावणात आमच्या गलोंडा गावच्या शिवारातली भाताची लावणी उरकलेली असते, खाचरांतून पाणी तुडुंब उभे असते, वारली आणि कोकणा कुटुंबांच्या घरांतून चुलींचा धूर वर चढत असतो, आणि अशा निर्वेध प्रहरीही माझे मन स्वतःचीच झडती घेऊ लागते : श्वास नीट चालला आहे ना, पोटात खड्डा पडला नाही ना, मघाची धडधड कशाची होती? या झडतीत पाण्याचा थेंब सांडत नाही की कडीला हात लागत नाही, म्हणून घरच्यांना ती दिसत नाही. वस्तुतः कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहण्याचाच तो अंतर्मुख प्रकार होय, आणि त्यातून निर्धोकपणाचा जो दाखला हाती येतो, त्याची मुदत पुढच्या श्वासापर्यंतही टिकत नाही.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी पहिले भय आणि दुसरे भय असा जो भेद केला, तो मला फार मोलाचा वाटतो. पहिले भय शरीराचे. ते विचारून येत नाही आणि त्याला थोपविणे आपल्या अखत्यारीत नसते. दुसरे भय आपण त्यात घालतो : आले पुन्हा, आता येरे माझ्या मागल्या!

लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यातून मंत्रचळावरच्या आजच्या उपचारपद्धतीचा पाया घातला गेला : ज्याचे भय त्याच्या समोर जावे, कर्मकांड, म्हणजे कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहण्यासारखी कृती, मात्र करू नये. मेख अशी, की या उपचारात अस्वस्थता चढू द्यावीच लागते. तेव्हा अस्वस्थतेचेच ज्याला भय, त्याला उपचाराच्या दाराशीच कापरे भरते. अशा माणसाला कधी मुद्दाम जिना धावत चढायला लावतात आणि जागी झालेली धडधड तशीच राहू द्यायला सांगतात. गोळ्यांचा गुण यायलाही दहा-बारा आठवडे लागू शकतात, आणि तो काळ कठीण असतो. ज्याला सिल्व्हासाला डॉक्टरांकडे जाणे घडत नाही, त्याला 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते, ही खेड्यापाड्यांसाठी लहान गोष्ट नव्हे.

परंतु या आजाराचा खरा भार घरातली माणसे वाहतात. 'काही होणार नाही ना?' असे विचारले की आई पूर्वी तत्काळ हमी देत असे. ती हमीसुद्धा कर्मकांडाचाच भाग आहे, हे डॉक्टरांनी समजाविल्यापासून तिने ती देणे सोडले. घाबरलेल्या लेकराला दिलासा न देणे याहून कठोर व्रत आईच्या वाट्याला क्वचितच येत असेल. परवा गोठ्याशी उभा असताना छाती पुन्हा भरून आली आणि मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "वाटतंय तर वाटू दे, बाळा. बैलांना पाणी दाखवलंस का?"

मी बादली उचलली. धडधड होतीच. ती केव्हा थांबली ते मला सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी मी ते पाहत बसलो नाही.