साबुदाणा आणि १८६

तर झालं असं, की ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १०८ निघाली. १०० च्या आत नॉर्मल, १२६ पासून पुढे डायबेटिस. म्हणजे मी मधल्या बाकावर! वय अठ्ठावीस. बाबांना बेचाळिसाव्या वर्षी निघाला होता. नवीन व्हर्जन जरा लवकरच रिलीज होतंय की काय, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मग इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं... डिबगिंग. बाबांचा ग्लुकोमीटर उचलला आणि दर सुट्टीला जेवणानंतर तासाभराने बोट टोचायला लागलो. एक्सेल शीट अर्थातच बनवली. (पट्ट्या महाग असतात. "कोण संपवतंय रे?" असं बाबांनी दोनदा विचारून झालं.)

गोड तर मी सोडलंच होतं. एका रविवारी आली एकादशी. आईची साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट, दोन वाट्या. मीटर म्हणतो १८६! हात धुऊन परत टोचलं. १८३. पुढच्या रविवारी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी. १३१.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत, त्याचं ग्लुकोज व्हायला वेळ तो किती लागणार? १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला. ग्लुकोजला १०० धरायचं आणि बाकीचे पदार्थ त्याच्या तुलनेत रक्तातली साखर किती चढवतात ते बघायचं. हरभऱ्याची डाळ पार तळाशी. आणि गंमत म्हणजे आपली साधी साखर ६५ च्या आसपास, चिकट मऊ भात तिच्याही वर! कारण साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढवत नाही. थोडक्यात, जिभेला काही कळत नाही.

आता खरी पंचाईत. बाबा चौदा वर्षं बिनसाखरेचा चहा पितायत आणि दर गुरुवारी श्रद्धेने खिचडी खातायत. "उपवासाला साखर वाढत नाही रे!" हे त्यांचं ठाम मत. मी वाद घातला नाही. गेल्या गुरुवारी खिचडीनंतर तासाने मीटर नुसता समोर ठेवला. त्यांनी स्वतःच बोट टोचलं, चष्मा वर केला, आकडा बघितला. २४१. काहीच बोलले नाहीत.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मग भगर चालेल का?"

येत्या गुरुवारी भगरीची टेस्ट आहे.